वॉटरकलर आणि इंकमध्ये अ‍ॅब्स्ट्रॅक्ट चित्र कसं वाढवायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे काय, कसेही रंग टाकायचे आणि वरून काळ्या रेघा मारायच्या, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा खरंच तसं करून बघावं. पहिली दहा मिनिटं मजा येते, ओल्या कागदावर रंग पसरताना बघायला कोणालाही आवडतं, पण मग ते वाळतं, समोर एक छानसा डाग उरतो आणि पुढे काय करायचं ते कळत नाही. मग बहुतेक जण आणखी रंग टाकतात, मग आणखी थोडा, आणि शेवटी सगळा कागद मातकट होऊन बसतो. हा लेख त्या मधल्या भागासाठी आहे, म्हणजे पहिला वॉश (पाण्यात कालवलेल्या रंगाचा पसरलेला थर) छान झाला, आता ह्याचं चित्र कसं करायचं.

वॉटरकलरमध्ये अर्धं काम पाणी करतं, तुम्ही फक्त त्याला वाट करून देता, आणि नाही आवडलं तर ओल्या ब्रशने थोडंफार उचलता पण येतं. इंक एकदा बसली की बसली. त्यामुळे रंगाचा भाग बिनधास्त करायचा आणि इंकची बाटली उघडायच्या आधी थांबून भरपूर बघायचं. एवढं पाळलं तरी बरंच सावरतं, खाली जे काही सांगतोय ते सगळं ह्याच्याच भोवती आहे.

सामान, फार नको

कागदावर काटकसर करू नका, बाकी सगळ्यावर करा. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) वॉटरकलर पेपर घ्या, जमलं तर १०० टक्के कॉटनचा, कारण आपण त्यावर भरपूर पाणी घालणार, वाळवणार, परत ओलं करणार, मधेच रंग उचलणार, आणि साधा ड्रॉइंग पेपर दुसऱ्या लेअरलाच फुगून वर येतो आणि त्याचे तंतू सुटायला लागतात. पेपरचे तीन प्रकार मिळतात. हॉट प्रेस गुळगुळीत असतो, त्यावर निब मस्त पळते पण मोठा वॉश सारखा बसवणं अवघड जातं. रफवर वॉश सुंदर दिसतो पण निब अडकते आणि शिंतोडे उडवते. कोल्ड प्रेस मधला, सुरुवातीला तोच बरा. साइझ साधारण ११ × १५ इंच, म्हणजे पूर्ण इम्पीरियल शीटचा पाव भाग. ह्याहून खूप लहान कागदावर हात आखडतो आणि खूप मोठ्यावर एका टोकाचा वॉश संपेपर्यंत दुसरं टोक वाळलेलं असतं. चारही बाजूंनी मास्किंग टेप लावून बोर्डावर घट्ट चिकटवा.

रंग तीनच. माझी निवड म्हणजे अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना आणि एखादा पारदर्शक पिवळा किंवा क्विनाक्रिडोन रोज. अल्ट्रामरीनचे कण एकमेकांना धरून कागदाच्या खळग्यांत बसतात त्यामुळे दाणेदार टेक्स्चर फुकटात मिळतं, आणि तोच बर्न्ट सिएनात मिसळला की उबदारपासून थंडपर्यंत पाहिजे तेवढे ग्रे मिळतात जे काळ्या इंकशेजारी फार शोभतात. थॅलो ब्लूचा मोह सगळ्यांना होतो, दिसतोही झकास, पण तो कागदात मुरतो आणि नंतर उचलला जात नाही, शिवाय एवढा जोरकस आहे की थेंबभर जास्त झाला तर बाकी सगळ्यांना खाऊन टाकतो. तो नंतर कधीतरी.

ब्रश एक गोल, १० किंवा १२ नंबरचा, एक इंचभर रुंद फ्लॅट, आणि इंकसाठी एक वेगळा जुना ब्रश ज्याचं काही वाटणार नाही. पाण्याची दोन भांडी (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला), टिश्यू पेपर, स्प्रे बॉटल. झालं.

आता इंक, कारण इथे गडबड होते. आपल्याला हवी ती वॉटरप्रूफ इंडिया इंक. हिच्यात काजळीसारखा कार्बनचा काळा रंग असतो आणि तो कागदाला धरून ठेवायला बहुतेक वेळा शेलॅक म्हणजे लाखेपासून केलेलं बाइंडर असतं, म्हणून ती पूर्ण वाळली की वरून पाणी फिरवलं तरी हलत नाही आणि उन्हाने सहसा फिकी पडत नाही. फाउंटन पेनची नेहमीची शाई बहुधा डायची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते, ती पाणी लागलं की परत सुटते आणि काही वर्षं भिंतीवर राहिली की उडते. मुद्दाम सुटणारी रेघ हवी असेल तर वापरा, पण माहीत असून वापरा. आणि उलटं कधीच नाही, म्हणजे इंडिया इंक फाउंटन पेनमध्ये भरू नका, आत वाळली की पेन गेलाच. तिच्यासाठी डिप पेन, बोरू, किंवा एखादी काडी. बोरूची रेघ मला निबपेक्षा जास्त आवडते, शाई संपत आली की ती आपोआप कोरडी आणि तुटक होत जाते आणि तेच हवं असतं. वापरून झालं की निब आणि ब्रश लगेच धुवा, पाच मिनिटांनी धुतो म्हणालात तर केस कडक होतात.

आधी चौकोन काढा

साध्या कागदावर पेन्सिलने काडेपेटीएवढे सहा-सात चौकोन काढा आणि प्रत्येकात फक्त तीन टोन वापरून, कोरा, मधला आणि गडद, आकार मांडा. वस्तू काढायच्या नाहीत, फक्त वजन कुठे आहे ते ठरवायचं. एक मोठा आकार दोन कडांना टेकतोय का, गडद भाग खाली एका बाजूला साचलाय की मधून पट्ट्यासारखा जातोय, मोकळी जागा कुठे. हे करायला मोजून पंधरा मिनिटं लागतात आणि लोक नेमकं हेच टाळतात, म्हणतात अ‍ॅब्स्ट्रॅक्टला कसला आराखडा. पण आराखडा हुबेहूब उतरवायचाच नसतो, वॉश पसरून भलतीकडे गेला की परत कुठे यायचं ते कळावं एवढ्यासाठी तो असतो.

काहीच सुचत नसेल तर डोळ्यासमोरचं काहीतरी घ्या, भिंतीवरचे ओलीचे डाग, फांद्यांची जमिनीवर पडलेली सावली, चुरगळलेल्या कापडाच्या घड्या, आणि त्यातला फक्त आकारांचा आपसातला संबंध उचला. ते काय होतं हे बघणाऱ्याला कळायची काही गरज नाही.

एक गोष्ट आत्ताच ठरवा, कोरा कागद कुठे राहणार. वॉटरकलरमध्ये पांढरा म्हणजे कागदच, एकदा झाकला की तसाच्या तसा परत येत नाही. निदान पाचवा हिस्सा तरी सोडा, आणि तो सगळा एकत्र नको, एक मोठी जागा आणि एक-दोन फटी.

पहिला वॉश

जिथे रंग पसरायला हवा तेवढाच भाग फ्लॅट ब्रशने स्वच्छ पाण्याने ओला करा. बाकीचा कोरडा ठेवा, म्हणजे ओल्या-कोरड्याच्या सीमेवर कडक कड मिळते आणि आत मऊ, दोन्ही एकाच वॉशमध्ये. मग गोल ब्रशमध्ये भरपूर रंग घेऊन टेकवा आणि बोर्ड तिरका करा. ब्रशने पसरवू नका, टेकवा आणि सोडा. रंग वाटतो त्यापेक्षा गडद घ्या, कारण वाळल्यावर वॉटरकलर फिका होतो आणि नवख्यांचे पहिले वॉश नेहमी अशक्त दिसतात ते ह्यामुळेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागदाची चमक बघायला शिका. कागदाशी डोळा आणून, उजेडाच्या समोरून तिरकं बघा. पाणी साचून लखलखतंय तेव्हा रंग टाकला तर तो दूर पसरतो आणि विरतो. नुसती साटिनसारखी चमक उरली की रंग थोडाच सरकतो, आकार धरून राहतो, मऊ कडांचे आकार हवे असतील तर हीच वेळ. चमक जात चालली, पण कागद अजून ओलसर आहे, तेव्हा पाण्याने भरलेला ब्रश टेकवला तर ते जास्तीचं पाणी अर्धवट वाळलेला रंग ढकलत बाहेर नेतं आणि कडेला दातेरी रेघ सोडतं. ह्याला ब्लूम म्हणतात. निसर्गचित्रवाले ह्याच्या नावाने खडे फोडतात, आपण मुद्दाम एक-दोन करून घेऊ शकतो, फक्त दहा नको. आणि चमक पूर्ण गेली, हाताला गार लागतंय, ह्या अवस्थेत काहीही करायचं नाही. हात मागे बांधून बसा. मातकटपणाचं निम्मं कारण हे अर्धवट वाळलेल्या रंगात ढवळणं आहे, उरलेलं निम्मं एकाच जागी चार-पाच रंग मिसळणं, आणि तीनच रंग घेतलेत तर ते आपोआप टळतं.

टेक्स्चरच्या युक्त्या भरपूर आहेत. चमक कमी होत असताना मीठ टाकलं तर प्रत्येक कण आजूबाजूचं पाणी आणि रंग ओढतो आणि फिकट ठिपके पडतात, नीट वाळल्यावर झटकून टाकायचं, कारण कागदात राहिलं तर ओल धरत राहतं. रबिंग अल्कोहोलचा (जखम पुसायच्या स्पिरिटचा) थेंब ओल्या रंगावर पडला की रंग लांब पळतो आणि गोल डोळा तयार होतो. प्लॅस्टिकची पातळ फिल्म चुरगळून ओल्या वॉशवर ठेवून तशीच वाळू दिली तर टोकदार स्फटिकासारखे आकार येतात. मेणबत्ती आधी घासली असेल तिथे रंग धरत नाही. ह्यातलं एका चित्रात एकच. सगळं एकत्र केलं की चित्र न राहता नमुन्यांचा तक्ता होतो, आणि मीठ तर खरं सांगायचं मला फारसं आवडत नाही, ते लगेच ओळखू येतं.

वाळू द्या आणि बघा

पूर्ण वाळलंय का ते हाताच्या मागच्या बाजूने बघा, गार लागलं तर नाही वाळलं. हेअर ड्रायर वापरायचा तर चमक गेल्यावर, थोडा लांबून, आधीच वापरला तर हवा रंगाला ढकलत नेते.

मग बोर्ड उभा ठेवा आणि लांब जाऊन बसा. चारही बाजूंनी फिरवून बघा, जी बाजू वर म्हणून रंगवलीत ती वर असायलाच हवी असं काही नाही, आणि बऱ्याचदा आडवं चित्र उभं केलं की एकदम जमतं. मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. रंगांमुळे वेगळे वाटणारे दोन आकार बऱ्याचदा टोनमध्ये एकच निघतात, सगळा फोटो एकसारखा राखाडी दिसला तर टोनचा फरक कमी आहे. एल आकाराचे दोन कार्ड कापून त्यांची चौकट चित्रावर सरकवून बघा, कधीकधी सगळं चित्र डाव्या कोपऱ्यातल्या तळहाताएवढ्या जागेतच असतं.

मनात तीनच प्रश्न ठेवा: नजर आधी कुठे जाते, तिथून पुढे कुठे जाते की तिथेच अडकते, आणि कुठला भाग नुसता भरायचा म्हणून भरलाय. उत्तरं कागदावर लिहून काढा, खरंच लिहा, कारण नुसतं बघत बसलं की हात शिवशिवायला लागतात.

दुसरा लेअर

आता कोरड्यावर काम. पारदर्शक पातळ रंग वरून दिला की खालचा दिसत राहतो आणि दोन्ही मिळून तिसराच रंग होतो. एका दमात फिरवा, त्याच जागी ब्रश परत परत नेला तर खालचा लेअर सुटतो, कारण वॉटरकलरचं बाइंडर डिंक असतं आणि डिंक पाण्यात परत विरघळतो. ह्याचाच फायदाही आहे: एखादी कड फार कडक वाटली तर ओल्या ब्रशने हलके चोळून टिश्यूने टिपा, मऊ होते.

ह्या टप्प्यावर सगळ्यात उपयोगी पडतं ते उलटं रंगवणं, म्हणजे आकार न रंगवता त्याच्या आजूबाजूची जागा गडद करायची. पहिल्या वॉशमधला एखादा फिकट तुकडा आवडलाय ना, त्याच्या एका बाजूला गडद ग्रे घाला आणि दुसरी बाजू तशीच विरू द्या, तो तुकडा पुढे येतो. सगळ्या बाजूंनी घेरू नका, मग कापून चिकटवल्यासारखा दिसतो. असे दोन-तीन आकार काढले की डागाची रचना व्हायला लागते. गडद म्हणजे मधल्या टोनपर्यंतच हं, अगदी काळोख करायचा नाही, तो मान इंकचा.

इंक

पेन लावायच्या आधी चित्रावर ट्रान्सपरंट शीट ठेवा, त्यावर मार्करने रेघा मारून बघा, सरकवा, पुसा, परत मारा. एवढ्याशा गोष्टीने कितीतरी चित्रं वाचतात. शीटवर जे जमलं ते हुबेहूब उतरवायला जाऊ नका, रेघ मेल्यासारखी येते, फक्त जागा आणि दिशा लक्षात ठेवा आणि मग एका झटक्यात.

नवख्यांची हमखास होणारी गोष्ट म्हणजे रंगाच्या प्रत्येक कडेवरून इंकने गिरवत जाणं. वॉशने दिलेली कड मुळात सुंदर होती, तिच्यावर रेघ मारून ती रंगवायच्या पुस्तकातल्यासारखी करायची काही गरज नाही. इंकची रेघ रंगाला ओलांडून गेली पाहिजे, एका आकारातून निघून कोऱ्या जागेत येऊन थांबली पाहिजे. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट चित्रकलेच्या सुरुवातीच्या चित्रकारांपैकी एक, रशियन चित्रकार वासिली कांडिन्स्की, ह्याचं एक बिनशीर्षक वॉटरकलर पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमध्ये आहे, त्यावर १९१० लिहिलंय पण बरेच अभ्यासक ते १९१३ च्या सुमाराचं मानतात, पेन्सिल, वॉटरकलर आणि इंक असंच माध्यम आहे. नेटवर शोधून मोठं करून बघा, काळ्या रेघा आणि रंगाचे डाग आपापल्या वाटेने जातात, कुठे भेटतात, कुठे एकमेकांची दखलही घेत नाहीत. आणि दुसरं टोक बघायचं तर आपले अ‍ॅब्स्ट्रॅक्ट चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) ह्यांची १९८० च्या दशकातली कागदावरची इंकची कामं बघा, किती थोड्या खुणांवर कागद तोलून धरता येतो ते कळेल.

खुणांचं प्रमाण: एक मोठा काळा आकार किंवा जाड फटकारा, तीन-चार मध्यम रेघा, आणि बारीक खुणा पाहिजे तेवढ्या पण एकाच भागात गोळा करून. सगळीकडे सारख्या जाडीच्या, सारख्या अंतरावरच्या रेघा पडल्या की चित्र डिझाइनच्या कापडासारखं होतं. मोठा काळा आधी टाका. तो सगळ्यात भीतीदायक असतो म्हणून लोक शेवटी ठेवतात आणि मग तोवर जागाच उरलेली नसते.

रेघ मारण्याशिवायही इंक बरंच करते. कार्डाची कड इंकमध्ये बुडवून ओढली की एकीकडे गच्च आणि पुढे विरत जाणारा पट्टा येतो. जवळजवळ कोरडा ब्रश आडवा फिरवला की कोल्ड प्रेसचे उंचवटे तेवढे काळे होतात. कोऱ्या भागावर थोडं पाणी लावून त्यात इंकचा थेंब सोडला तर त्याला मुळांसारखे फाटे फुटतात, आणि ताज्या रेघेवर दोन फूट लांबून एकदाच स्प्रे मारला तर रेघ काही ठिकाणी सुटते, काही ठिकाणी तशीच राहते (हे माझं सगळ्यात आवडतं, पण आधी रद्दी कागदावर करून बघा). इंक पातळ करून ग्रे वॉशही देता येतो, खूप पातळ केली की कधी कधी काळे कण वेगळे होऊन दाणे पडतात, डिस्टिल्ड पाणी घेतलं तर हे कमी होतं.

जाड रेघेतली इंक वरून वाळलेली दिसते पण आत ओली असते. रात्रभर ठेवा, मगच वरून रंग फिरवा.

इंक आधी आणि रंग नंतर असंही करता येतं, तेही करून बघा, पण त्यात रंग रेघांच्या मागे लागतो आणि चित्र चटकन ड्रॉइंग भरल्यासारखं व्हायला लागतं. सुरुवातीला रंग आधी बरा.

मधेच चित्र घाण दिसायला लागलं तर

दिसणारच, बहुधा दुसऱ्या लेअरनंतर किंवा पहिल्या काळ्या फटकाऱ्यानंतर. लगेच भर घालू नका. काळा एकटा पडल्यासारखा वाटत असेल तर तो कमी करता येणार नाही, पण लांब कुठेतरी त्याचाच छोटा नातेवाईक, एक ठिपका किंवा आखूड रेघ, टाकला की तोल येतो. रंग फार झाला असेल तर काही भाग ओला करून उचला. कोरी जागा हरवली असेल तर थोडा पांढरा गुआश (अपारदर्शक वॉटरकलर) चालतो, पण तो कागदासारखा दिसत नाही, थोडा खडूसारखा मॅट दिसतो, तेव्हा चोरून लपवायला वापरू नका, उघडपणे एक आकार म्हणूनच वापरा. आणि काहीच होत नसेल तर एल कार्ड घेऊन चांगला तुकडा शोधा आणि कापा.

एकाच वेळी दोन-तीन कागदांवर काम करणं हा ह्यावरचा सगळ्यात चांगला उपाय. तेच तीन रंग, तोच आराखडा थोडा बदलून. एक वाळतंय तोवर दुसऱ्यावर हात चालतो, त्यामुळे पहिल्याला कोणी छेडत नाही, आणि एखादं गेलं तर जीव जात नाही.

थांबायचं कधी? प्रत्येक खूण एकेक करून कागदाच्या कपट्याने झाकून बघा. झाकल्यावर चित्र बिघडत असेल तर खूण कामाची आहे. काहीच फरक पडत नसेल तर तशी आणखी एक टाकायची नाही, एवढं नक्की. सगळ्या खुणा कामाच्या झाल्या आणि नवीन कुठे टाकावी हे शोधावं लागायला लागलं की टेप काढा.

टेप काढणं आणि पुढचं

चित्र पूर्ण वाळल्यावरच टेप हळू, कागदाला समांतर आणि चित्रापासून बाहेरच्या बाजूला ओढत काढा. कागद फाटायला लागला तर ड्रायरने टेप जरा गरम करा, डिंक मऊ होतो. कागद वाकडा झाला असेल तर मागची बाजू ओलसर करून, दोन स्वच्छ टीपकागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तकं ठेवा, रात्रभर. सही पेन्सिलने किंवा बारीक इंकने, कोपऱ्यात लहान, ती पण एक खूण आहे आणि नजर ओढते.

फ्रेम करायची तर काचेच्या आत आणि माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) लावून, म्हणजे काच रंगाला टेकत नाही, आणि थेट ऊन येतं त्या भिंतीवर नको. नवीन ट्यूब घेताना लेबलवर लाइटफास्टनेस (रंग उजेडात किती टिकतो ते) बघायची सवय लावा, एएसटीएमच्या मोजणीत एक किंवा दोन असेल तर बिनधास्त घ्या.

जी चित्रं जमली नाहीत ती फेकू नका. कॉटन पेपरची मागची बाजूही चालते, आणि नाही तर त्यातले बरे तुकडे फाडून ठेवा, पुढच्या चित्रात चिकटवायला किंवा आधी रंगसंगती लावून बघायला ते विकतच्या कुठल्याही कागदापेक्षा जास्त कामाला येतात.